शाल-श्रीफळ नको, हाताला काम द्या: गावात व्यसनाचा कलंक कमी करायचा क्रम

दारू सोडलेल्या माणसाचा १५ ऑगस्टला शाळेच्या पटांगणात सत्कार करायचा, ही कल्पना आमचीच. शाल, नारळ, भाषण, पोरांच्या टाळ्या. त्या पोरांत त्याची चौथीतली मुलगी बसली होती. बोलण्याच्या ओघात पाहुणे म्हणाले, "काल-परवापर्यंत गटारात लोळणारा हा माणूस..." पोळा यायच्या आत तो पुन्हा प्यायला लागला, आणि आमच्या गटाकडे पुढे वर्षभर कोणी फिरकलं नाही.

नंतर आसपासच्या गावांत हेच होताना पाहिलं. हेतू चांगला असतो, क्रम उलटा असतो. आधी प्रभातफेरी, मग शपथ, मग सत्कार आणि उपचार, काम, घर या गोष्टी राहिल्याच तर शेवटी. खाली क्रम सुलटा लावला आहे. तो दारूपुरता आहे. आशाताई, ग्रामपंचायत सदस्य, बचतगटाच्या ताई, शिक्षक, भजनी मंडळातली मंडळी, ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी.

## टप्पा १: आधी पंधरा दिवस फक्त ऐका

कोणालाही काही सांगायला जाऊ नका. वही घ्या आणि चार प्रश्नांची उत्तरं शोधा.

१. मागच्या पाच वर्षांत गावातलं कोण उपचाराला गेलं, आणि घरच्यांनी शेजाऱ्यांना काय सांगितलं? बहुतेक ठिकाणी "पुण्याला कामाला गेलाय" किंवा "पोटाच्या ऑपरेशनला नेलंय" असं उत्तर मिळेल. ही थाप किती घरांनी मारली, तेच तुमच्या गावातल्या कलंकाचं माप.

२. दारू सोडून परत आलेल्याला काम कोणी दिलं, कोणी नाकारलं?

३. त्याच्या घरच्या सोयरिकीत अडथळा आला का?

४. दारू पिणाऱ्याला गाव कोणत्या नावाने हाक मारतं? बेवडा, पेताड, टाकी, क्वार्टर. टोपणनाव लिहा, माणसाचं नाव लिहू नका.

हा प्रश्न नुसत्या वाईट वाटण्याचा नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या साधारण ३८ जणांमागे एकानेच कसलीतरी मदत मिळाल्याचं त्यात सांगितलं होतं. बाकीचे ३७ जण घरात, बांधावर, पारावर असतात. दवाखाना लांब असतो, पैसे नसतात, हे खरंच. पण तालुक्याच्या एसटीत बसताना कोणी "कुठं निघाला?" असं विचारलं तर काय सांगायचं, हेही एक कारण असतं.

तपासा: वहीत एकाही माणसाचं नाव नाही ना? वही घरी कोणाच्या हाती लागली तरी कोणाचं नुकसान होणार नाही ना?

## टप्पा २: पाच जणांचा गट, त्याहून मोठा नको

पंधरा जणांची समिती झाली की बोर्ड येतो, बोर्ड आला की अध्यक्षपद येतं. पाच पुरेत. आशाताई किंवा उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, ज्यांच्या शब्दाला घराघरांत मान आहे अशा एक आजी किंवा काकू, रोजंदारीवर माणसं लावणारा एक शेतकरी, एक तरुण आणि शक्य असेल तर काही वर्षं दारूपासून दूर असलेला एक जण. शेवटचा माणूस गावातलाच हवा असं नाही, शेजारच्या गावातला असला तर उलट बरं.

कोण नको, हे जास्त महत्त्वाचं. दारू विकणारा आणि त्याचे घरचे नकोत. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर असेल तर कोणत्याही पॅनेलचा उमेदवार नको, कारण मतदानाच्या आदल्या रात्री बाटल्या कोणी वाटल्या हे सगळ्या गावाला माहीत असतं. आणि ज्याच्या पोटात गोष्ट राहत नाही तो तर मुळीच नको, मग तो कितीही उत्साही असो.

दारूबंदीची समिती आणि हा गट एकच ठेवू नका. बाटली आडवी करायला माझा विरोध नाही. दुकान गावातून गेलं की पुष्कळ घरांना श्वास मिळतो. पण त्या लढाईत बोलण्याच्या भरात पिणारा माणूसच शत्रू होऊन बसतो. सकाळी ज्या बाईने रस्त्यावर "दारुड्यांचा धिक्कार असो" म्हटलं, तिच्याकडे संध्याकाळी कुठल्या नवऱ्याने मदत मागायला यायचं?

तपासा: पाचही जणांनी मान्य केलं का, की घरात नवऱ्याशी किंवा बायकोशीसुद्धा नाव घेऊन बोलायचं नाही?

## टप्पा ३: दवाखान्याची वाट आधी पक्की करा

या टप्प्याला घाई केली तर जीव जाऊ शकतो, म्हणून थोडं लांबलं तरी वाचा.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली, तर शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो: नसलेली माणसं दिसतात, भिंतीवर किडे चालताना दिसतात, घरचे ओळखू येत नाहीत. गावात याला "बाहेरचं लागलंय" म्हणतात आणि भगताकडे नेतात. हा वैद्यकीय धोक्याचा प्रसंग आहे. १०८ ला फोन करा.

म्हणजे "मर्द असशील तर उद्यापासून बंद कर" हे आव्हान, किंवा देवळात बेल-भंडारा उचलायला लावून त्याच रात्री घरात कोंडून ठेवणं, हे दोन्ही धोक्याचं आहे. शपथ घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना भेटल्यावर घ्या.

आणखी दोन चुका गावोगाव दिसतात.

पहिली चूक, सलाइन. अशक्तपणा आला म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावतात आणि दारूचं लाजेपोटी लपवतात. रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व कमी असतं. ते आधी न देता नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगायचं ते हेच, की हा रोज पितो आणि शेवटचं अमुक वाजता प्यायला.

दुसरी चूक, नकळत दिलेली गोळी. "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती तुम्ही भिंतींवर वाचल्या असतील. डायसल्फिरम नावाचं औषध पोटात असताना दारू प्यायली, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. माणूस दगावू शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीत, घेणाऱ्याला सगळं सांगूनच द्यायचं असतं. आमटीत कालवलेली गोळी कळली की त्या घरातला विश्वास संपतो. नंतर तो बायकोच्या हातचं जेवत नाही.

आता कामाची यादी. ती तुमच्या तालुक्याची बनवा:

- जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग कोणत्या वारी, किती वाजता असतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं तालुक्याला येतात का.
- दूरध्वनी: टेली-मानस (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. दोन्ही स्वतः लावून बघा, मगच कोणाला द्या.
- कोणाची गाडी, कोणत्या वेळी, कोण सोबत जाणार. गावातल्या रिक्षातून नेलं तर पाच मिनिटांत बातमी पसरते.
- निवासी केंद्र. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, पण प्रत्येकाला तिथे जायची गरज नसते आणि जवळ म्हणून निघालेलं प्रत्येक केंद्र तसं नसतं.

केंद्राला विचारायचे प्रश्न: मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का? डॉक्टर रोज येतात का? घरच्यांना भेटू देतात का? मारझोड, बांधून ठेवणं होतं का? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारू आणि अमली पदार्थांच्या आजारांनाही लागू आहे. त्यात रुग्णाला साखळदंडाने बांधायला बंदी आहे आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्याला दिला आहे. "जरा चोपलं तर सुधारेल" म्हणणाऱ्या काकांना हे शांतपणे सांगा.

तपासा: आज रात्री दहा वाजता कोणाला फिट आली तर काय करायचं, हे पाचही जणांना वही न उघडता सांगता येतं का?

## टप्पा ४: घरातल्या बाईचं ओझं उतरवा

गावात दारूचा कलंक पिणाऱ्याइतकाच त्याच्या बायकोला चिकटतो. "हिनं नीट सांभाळलं असतं तर..." आणि मुलगा पीत असेल तर "आईनंच लाडावलं." म्हणून नवऱ्याशी बोलण्याआधी तिच्याशी बोला, एकटीशी. पाणवठ्यावर नको, तिच्या सासूसमोर नको. बचतगटाच्या हप्त्याचं निमित्त चालतं.

तिला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: हा आजार आहे, तो तिच्यामुळे झालेला नाही, आणि तो बरा करणं ही एकट्या तिची जबाबदारी नाही. बाटली ओतून देणं, नवऱ्याच्या वतीने मुकादमाशी खोटं बोलणं, त्याची उधारी गुपचूप फेडणं यात ती वर्षानुवर्षं झिजलेली असते. ते एका दिवसात थांबणार नाही. थांबव म्हणून तिला दरडावूही नका.

इशारा: आजार म्हटलं म्हणजे मार खाणं माफ, असं नाही. मारहाण असेल तर आधी तिची आणि मुलांची सोय. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. "तो आजारी आहे, तू समजून घे" हे वाक्य अशा घरात उच्चारू नका. कलंक कमी करण्याच्या नावाखाली बायकांना गप्प बसवलेलं मी पाहिलं आहे.

बाई स्वतः पीत असेल तर सगळं दुप्पट झाकलेलं असतं. तिथे गटातल्या फक्त स्त्रियांनी जावं, आणि टेली-मानसचा नंबर पहिल्याच भेटीत द्यावा, कारण फोनवर चेहरा दिसत नाही.

## टप्पा ५: तोंडातले शब्द

हा टप्पा छोटा आहे, कारण नुसते शब्द बदलून फार काही होत नाही. "व्यसनग्रस्त व्यक्ती" असलं सरकारी बोलणं पारावर कोणी बोलणार नाही. एवढंच करा: माणसाला त्याच्या नावाने, नात्याने हाक मारा. नाना म्हणजे नाना, "दारुडा नाना" नाही. व्यसनमुक्तीच्या कामात "घसरण" हा शब्द वापरतात, तो उचला. "पुन्हा शेण खाल्लं" म्हणण्यापेक्षा तो नेमका आहे. आणि "सुधारला" म्हणू नका, "बरा होतोय" म्हणा. सुधारतो तो गुन्हेगार.

गटातल्या पाच जणांनी महिनाभर हे पाळलं की दहा-बारा घरांत आपोआप जातं. दुसऱ्याची जीभ दुरुस्त करायला जाऊ नका.

## टप्पा ६: परतल्यानंतरचा पहिला महिना

खरं काम इथे आहे, आणि बहुतेक गावं इथेच ढिली पडतात. माणूस केंद्रातून आला म्हणजे काम झालं असं सगळ्यांना वाटतं.

उधारी. तो आल्याचं कळताच पहिल्या आठवड्यात सगळे वसुलीला येतात: किराणावाला, मुकादम, भाऊबंद. "आता शुद्धीवर आलाय तर पैसे टाक." गटातल्या एकाने तो यायच्या आधीच, घरच्यांच्या संमतीने, या लोकांना भेटावं. माफी मागायला नव्हे. यादी करून छोटे हप्ते ठरवायला. दोन महिने थांबतो म्हणणारे निम्मे तरी निघतात, असा अनुभव आहे.

काम. पहिल्या आठ-दहा दिवसांत रोजाने काम मिळालं पाहिजे. दया म्हणून झाडलोट नको, त्याला येतं ते काम: पाणी धरणं, गवंडीकाम, ट्रॅक्टर. ट्रॅक्टरला मात्र थांबा. झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत यंत्र आणि विहीर दोन्हींपासून लांब. पैसे बायकोच्या हातात परस्पर देऊ नका, त्यात त्याचा अपमान आहे. कसे हवेत ते त्यालाच विचारा. बरेच जण स्वतःच म्हणतात, "बाजाराच्या दिवशी संध्याकाळी देऊ नका."

संध्याकाळ. सहा ते आठ ही सगळ्यात अवघड वेळ. दारूसोबत त्याचे सगळे मित्रही सुटलेले असतात, हे आपण विसरतो. त्या दोन तासांसाठी जागा हवी: हरिपाठ, दूध डेअरीवरचं काम, व्हॉलीबॉल, काहीही. नुसतं "घरात बस" हे उत्तर नाही.

वास घेणं. घरचे, शेजारी, मेहुणा, जो येईल तो तोंड जवळ नेऊन हुंगतो. खिसे तपासतात. याइतकं माणसाला तोडणारं दुसरं काही नाही. विचारायचंच असेल तर एका ठरलेल्या माणसाने, ठरलेल्या वेळी, सरळ विचारावं.

पंगत. लग्न, जत्रेतलं बोकड, गटारी अमावस्या. बोलावणं टाळू नका, वाळीत टाकल्यासारखं होतं. पण त्याच्याबरोबर एक न पिणारा बसवा, आणि लवकर उठायचं आधीच ठरवा. "एक घोट घेतल्यानं काय व्हतंय?" म्हणणारा भेटणारच. त्याला द्यायचं उत्तर आधी घोकून ठेवा. "गोळी चालू आहे" हे सगळ्यात सोपं, वाद होत नाही.

तपासा: महिन्याअखेर मोजा. किती दिवस काम मिळालं? किती घरांत चहाला बोलावलं? डॉक्टरांची ठरलेली फेरी झाली का? "कसं वाटतंय" या प्रश्नाला सगळेच "बरं" म्हणतात, म्हणून मोजा.

## टप्पा ७: घसरण होईल असं धरूनच चाला

घसरण या आजारात नेहमीची आहे. साखरेचा रुग्ण पेढा खाऊन बसला तर आपण त्याला गावाबाहेर काढत नाही. योजना आधी, शुद्धीत असताना, त्याच्याच तोंडून लिहून घ्या: असं झालं तर कोणाला बोलवायचं, कोणाला अजिबात नाही.

१. त्या रात्री उपदेश नाही, भांडण नाही. शुद्ध आहे का, श्वास नीट आहे का, डोक्याला मार लागलाय का, एवढं बघा. झोपला तर कुशीवर झोपवा. डायसल्फिरम चालू असेल तर वाट न बघता दवाखाना.

२. सकाळी एकानेच जायचं, पाचांनी नाही. "का प्यायलास?" ऐवजी "कालचा दिवस कसा गेला?" असं विचारा.

३. एकदाच झालं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. चार-आठ दिवस चालू असेल तर घरी एकदम बंद करू नका, टप्पा ३ पुन्हा वाचा.

४. शुद्धीवर आला की काम चालू ठेवा. कामावरून काढलं की तो पुन्हा पारावर.

५. घरात फवारणीची औषधं असतील तर ती शेजाऱ्याकडे कुलपात हलवा. घसरणीनंतरची शरम जीवघेणी असते. मरणाची भाषा बोलला तर त्याला एकटं सोडू नका आणि १४४१६ लावा.

माळेबद्दल वेगळं सांगायला हवं. दारू सोडायला माळ घालणं हा आपल्याकडचा जुना आणि अनेकांना उपयोगी पडलेला मार्ग आहे. पण माळकरी घसरला की शरम दुहेरी होते. माळ खुंटीला टांगतो, भजनाला येणं बंद करतो, आणि ज्या मंडळींनी त्याला धरून ठेवलं होतं तीच सुटतात. म्हणून माळ घालायच्या आधीच भजनी मंडळातल्या जाणत्या माणसाशी बोलून ठेवा, की असं झालं तर टाळ त्याच्या हातातून काढून घ्यायचा नाही.

## टप्पा ८: चावडीवर सगळ्यात शेवटी

पहिले सात टप्पे दोन-तीन घरांत पार पडल्यावरच जाहीर बोला. साधारण वर्ष जातं.

सुरुवात ग्रामसभेपासून नको, बचतगटांपासून करा. विषय "दारूचे दुष्परिणाम" नको, ते सगळ्यांना पाठ आहेत. विषय असा घ्या: हात थरथरायला लागले तर काय करायचं, कुठे न्यायचं, खर्च किती. उपयोगाची माहिती दिली की लोक प्रश्न विचारतात. प्रश्न "आमच्या पाहुण्यांत एक जण आहे" असा येतो. तो पाहुणा कोण, हे शोधू नका.

सप्ताहाला कीर्तनकार येणार असतील तर आधी भेटा. झिंगलेल्या माणसाची नक्कल करून हशा मिळवणं सोपं असतं, पण मंडपात त्याची मुलंही बसलेली असतात. आम्ही एका महाराजांना एवढंच सांगितलं. त्यांनी नक्कल गाळली आणि फोन नंबर दोनदा वाचून दाखवला. पथनाट्याचंही तेच.

अनुभव सांगायला गावातल्या माणसाला उभं करू नका, तो कितीही तयार असला तरी. बाहेरगावचा, काही वर्षं झालेला माणूस बोलवा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या बैठका, अनेक जिल्ह्यांत होतात. नाव उघड न करणं ही त्यांची मूळ रीतच आहे, त्यामुळे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

फलक लावायचे तर सापळा, राक्षस, फुटलेली बाटली नको. दोन नंबर आणि मानसोपचार विभागाचा वार, बस. आणि फलक चावडीवर नको. तिथे उभं राहून नंबर उतरवून घ्यायची हिंमत कोणाला होणार? पिठाच्या गिरणीत, डेअरीत, न्हाव्याच्या दुकानात लावा, जिथे माणूस तसाही पाच मिनिटं थांबतो.

शेवटचा इशारा, फोटोंबद्दल. कार्यक्रम झाला की वरून फोटो मागतात, लाभार्थ्यांची यादी मागतात. रिकाम्या खुर्च्यांचा, फलकाचा, वक्त्याचा पाठमोरा फोटो पाठवा. यादीत आकडा द्या, नावं नाहीत. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर काहीच नको, कारण सोयरीक जुळवायला निघालेला मामा तो गट आधी उघडतो.